शिंगेत्तीला जायचंय? आधी कामांचा क्रम नीट लावा

‘तिकीट काढलंय, आता पुढे काय करू?’ शिंगेत्तीबद्दल मला विचारणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. आणि मला दर वेळी तेच सांगावं लागतं, की तिकीट शेवटी काढायचं होतं.

शिंगेत्ती हे वायव्य आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशाच्या अद्रार भागातलं वाळवंटी गाव. दगडी मिनार, घराघरांतली हस्तलिखितं आणि गावाच्या अंगावर येणारी वाळू ही त्याची ओळख. गावात पोचल्यावर फारसं काही चुकत नाही. जे चुकायचं ते मुंबईत, तिथली राजधानी नुआकशॉटमध्ये आणि अद्रारचं मुख्य गाव अतार, त्याच्या गाडीतळावर आधीच चुकून गेलेलं असतं. म्हणून या लेखात गावापेक्षा वाटेबद्दल जास्त लिहिलं आहे. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा, मधली एखादी ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका.

आणखी एक गोष्ट. साहेल, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचा पट्टा, म्हटलं की लोकांना शेजारच्या माली देशातलं टिंबक्टू आठवतं. मालीतली सध्याची परिस्थिती पाहता तो बेत मनातून काढून टाका. मॉरिटानियातही मालीच्या सीमेलगतचा पूर्व आणि आग्नेय भाग टाळायचा आहे. वलाता आणि तिशीत ही गावं शिंगेत्ती-वादानबरोबर १९९६ पासून जागतिक वारसा यादीत असली, तरी पहिल्या फेरीत त्यांचं नाव काढू नका. हा लेख नुआकशॉट, अतार, शिंगेत्ती आणि जमलं तर वादान एवढ्यापुरता आहे.

१. महिना ठरवा (किमान तीन महिने आधी)

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. मार्चपासून ऊन चढतं आणि मे ते सप्टेंबर पारा ४० अंशांच्या आसपास किंवा वर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये खजुराची तोडणी असते, तिला तिथे ‘गेत्ना’ म्हणतात. तेव्हा शहरातले लोक अद्रारमधल्या आपापल्या गावी येतात. वर्णनं वाचून आपल्यालाही मोह होतो, पण त्या लोकांना तो उन्हाळा जन्मापासून अंगवळणी पडलेला असतो, हे विसरू नका.

कॅलेंडर बघताना रमजानही बघा. सध्या तो नेमका हंगामाच्या शेपटाला येतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल, चंद्रदर्शनावर एखादा दिवस इकडे-तिकडे. रमजानमध्ये जाता येतं, पण दिवसा खाणावळी बंद असतात, गाड्या भरायला वेळ लागतो आणि दुपारी ड्रायव्हर थकलेला असतो. पहिल्यांदा जात असाल तर ते दिवस सोडा.

२. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस (दोन महिने आधी)

सर्वांत जास्त लोक इथे घसरतात. कारण ते नियम उलट्या बाजूने वाचतात. ‘मॉरिटानियात शिरायला भारतीयांना पिवळं कार्ड (या लसीचं प्रमाणपत्र) लागतं का?’ असं शोधतात, थेट भारतातून जाणाऱ्याला लागत नाही असं कुठेतरी सापडतं आणि विषय मिटतो. खरी अडचण परतताना येते. भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत मॉरिटानिया आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि वैध प्रमाणपत्र नसलं, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. वाटेत इस्तंबूलला एक रात्र काढली तरी सुटका नाही.

लस सरकारने नेमलेल्या केंद्रातच घ्यायची. मुंबईत एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन आणि पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन यांची केंद्रं आहेत. आधी वेळ घ्यावी लागते आणि मूळ पासपोर्ट न्यावा लागतो. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतं आणि मग आयुष्यभर चालतं. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण, प्रतिकारशक्तीचे आजार, वय साठच्या पुढे, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. लस घेता येत नाही असं ठरलं तर बेताचाच फेरविचार करावा लागतो. तिकीट शेवटी काढा म्हणतो ते यासाठीही.

मेंदूज्वराची लस आणि दक्षिण भागासाठी मलेरियाच्या गोळ्या, हे दोन्ही त्याच भेटीत विचारून घ्या.

*तपासा:* कार्डावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना? लसीची तारीख आणि शिक्का स्पष्ट आहे ना?

३. विमा आणि व्हिसा

आधी विमा. माझ्या पहिल्या फेरीत एजंटने पॉलिसीवर बिनदिक्कत ‘मॉरिशस’ टाकलं होतं. मी निघायच्या चार दिवस आधी सहज वाचलं म्हणून लक्षात आलं. हसू नका. हॉटेलची साइट, फॉरेक्सचा काउंटर, घरचे लोक, सगळीकडे ही गफलत होते आणि आईला तर मी समुद्रकिनारी चाललोय असंच शेवटपर्यंत वाटत होतं. पॉलिसीत देशाचं नाव बघा. त्यासोबत सुरक्षेचा इशारा दिलेले भाग वगळल्याचं कलम आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च, हेही वाचा. गंभीर दुखणं आलं तर नुआकशॉटपर्यंत आणि तिथून बहुधा देशाबाहेर न्यावं लागतं.

मग व्हिसा. २०२५ च्या जानेवारीपासून आधी ऑनलाइन अर्ज करावा लागतो. विमानतळावर उतरून थेट व्हिसा घ्यायचे दिवस संपले, त्यामुळे त्याआधीची प्रवासवर्णनं या बाबतीत निरुपयोगी आहेत. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. मंजुरीचं पत्र ईमेलने येतं. ते कागदावर छापून घ्या, विमानात बसवताना मागतात. उतरल्यावर बोटांचे ठसे, फोटो आणि शुल्क. शुल्कासाठी युरो रोख, सुट्या नोटांत वरच्या खिशात ठेवा.

पत्र हातात आलं की मगच तिकीट. इस्तंबूल, कासाब्लांका, ट्युनिस आणि पॅरिसहून नुआकशॉटला विमानं आहेत. मुंबईकरांना इस्तंबूलमार्गे एकाच थांब्यात जाता येतं. काही हंगामांत पॅरिसहून थेट अतारला हिवाळी विमानं असतात. ती मिळाली तर रस्त्याचा एक दिवस वाचतो, पण नुआकशॉटमध्ये करायची पुढची कामं अतारमध्ये तितकी सोपी नाहीत.

४. बॅग

वाळवंट म्हणजे नुसती उष्णता नव्हे. जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जाऊ शकतो आणि झोपायचं असतं ‘खैमा’त, म्हणजे तंबूत. तिथल्या गाद्या पातळ. मी सोलापुरी चादर नेतो. वजन होतं, पण पहाटे चारला तिच्याबद्दल तक्रार नसते. बाकी पूर्ण बाह्यांचे सैल सुती कपडे, एक स्वेटर, बंद बूट. सकाळी बूट झटकूनच पाय घालायचा, विंचू असतात. डोक्याला गुंडाळायचा ‘हौली’ इथून नेऊ नका. नुआकशॉटच्या बाजारात तीन-चार मीटरचं पातळ कापड मिळतं आणि विकणाराच बांधून दाखवतो.

चार्जर दोन गोल पिनांचा घ्या, आपले मोबाइलचे बहुतेक तिथे बसतात. तीन पिनांचं काहीही बसत नाही. विजेचा भरवसा नाही, तेव्हा पॉवर बँक दोन. ओआरएसची पाकिटं, जुलाबाची औषधं, डोळ्यांत घालायचे थेंब आणि नाकाला लावायला व्हॅसलीन घ्या. हिवाळी वारा सुटला की पहिलं नाक फुटतं.

शाकाहाऱ्यांनी इथे थोडं थांबा. मिळतं ते पाव, खजूर, भात, कुसकुस (रव्याच्या वाफवलेल्या कण्या) आणि भाज्या. पण ‘भाज्यांचा कुसकुस’ म्हणजे बहुधा बकऱ्याच्या किंवा उंटाच्या मांसाबरोबर शिजलेल्या भाज्या. मांस बाजूला काढून ताट तुमच्या पुढे ठेवलं जातं आणि वाढणाऱ्याच्या मते प्रश्न सुटलेला असतो. ‘सां व्यांद, सां प्वासाँ’ (मांस नको, मासे नकोत) एवढं फ्रेंच पाठ करा आणि सांगायचंच तर स्वयंपाक सुरू होण्याआधी सांगा. जोडीला मेतकूट, भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि गरम पाण्यात होणारे पोहे ठेवा. साधा भात कुठेही मिळतो. भात-मेतकूट खाताना माझ्या भोवती जमलेल्या मुलांनी एक-एक चिमूट चाखून पाहिली होती. मत बरं पडलं नाही.

*हे नेऊ नका:* ड्रोन आणि सॅटेलाइट फोन. ड्रोन तिथल्या विमानतळावर जप्त होतो. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं गिर्यारोहकांचं यंत्र परवानगीशिवाय बाळगणं हा भारतातच गुन्हा आहे. अशा यंत्रांवरून गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना अडवलेलं आहे. दारूची बाटली तर नाहीच. देशात दारूला बंदी आहे.

५. पैसे, आणि शून्याचा घोळ

रुपये तिथे कोणी घेत नाही. युरो घ्या, नाहीतर डॉलर. भारतातून एका फेरीत परकीय चलनी नोटा ३००० डॉलरच्या मोलापर्यंत नेता येतात, त्यात काम भागतं. कार्डावर विसंबू नका. नुआकशॉट सोडलं की सगळा व्यवहार रोखीतच असं धरून चला आणि अद्रारचा पूर्ण खर्च नुआकशॉटमध्येच उगियांत, म्हणजे तिथल्या चलनात, बदलून घ्या.

आता घोळ. १ जानेवारी २०१८ ला मॉरिटानियाने चलनातलं एक शून्य उडवलं आणि जुने १० उगिया नव्या १ उगियाबरोबर झाले. नोटा नव्या आल्या, पण जिभेवरचा हिशेब बदलला नाही. बाजारात अजूनही पुष्कळ जण जुन्यात बोलतात. ‘तीन हजार’ म्हणणारा दुकानदार तुमच्याकडे ३०० मागत असतो. नवखा माणूस हजाराच्या तीन नोटा काढतो. समोरचा बहुधा हसून दोन परत करतो आणि तिसरीचे सुटे देतो. पण गाडीच्या भाड्यात अशी चूक झाली तर ती महाग पडते.

उपाय सोपा आहे. भाव ठरला की मोबाइलवर आकडा लिहून दाखवा आणि ‘नवे की जुने?’ विचारा. फ्रेंचमध्ये जुन्याला ‘आंसियाँ’, नव्याला ‘नुव्हो’. अलीकडे एका युरोला नवे ४५ च्या आसपास उगिया मिळतात, तेवढा अंदाज डोक्यात ठेवला की दहापटीची चूक लगेच कळते.

६. नुआकशॉटमधला एक पूर्ण दिवस

रात्री उतरून पहाटे अतारला निघायचा बेत करू नका. विमानतळ शहराच्या उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवर आहे आणि शहरात चार कामं आहेत. पैसे, सिमकार्ड, हौली आणि ‘फिश’.

पहिली तीन सरळ आहेत. सिमला पासपोर्ट लागतो. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या. २०२१ पासून इथे भारताचा दूतावास आहे, तुमचा मार्ग आणि परतीची तारीख त्यांना ईमेलने कळवून ठेवा.

चौथं महत्त्वाचं. फिश म्हणजे तुमची माहिती असलेला एक कागद. रस्त्यावर पोलिस आणि जंडार्म (निमलष्करी पोलिस) यांच्या चौक्या असतात आणि प्रत्येक चौकीवर परदेशी माणसाची नोंद होते. एका पानावर पासपोर्टच्या फोटोच्या पानाची आणि व्हिसाची झेरॉक्स घ्या. खाली हाताने व्यवसाय, स्थानिक फोन नंबर आणि कुठून कुठे चाललात ते फ्रेंचमध्ये लिहा. अशा २५ प्रती करा. पासपोर्टवर व्हिसा उमटतो तो तिथल्या विमानतळावर उतरल्यावरच, म्हणून हे काम मुंबईतून करून नेता येत नाही. मुंबईहून नुसत्या पासपोर्टच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन गेलेले तिथे पुन्हा दुकान शोधत फिरतात.

कागद असला तर चौकीवर काय होतं? गाडी थांबते, ड्रायव्हर खिडकीतून एक पान देतो, जंडार्म मान हलवतो, गाडी सुटते. नसला तर? तुम्हाला खाली उतरवलं जातं. टपरीतल्या बाकावर बसून तो माणूस वही उघडतो आणि पासपोर्टवरचं नाव एकेक अक्षर उतरवून घेतो. आपली मराठी नावं, त्यात वडिलांचं नाव आणि आडनाव! वडिलांचं नाव कोणतं आणि आडनाव कोणतं, यावर माझी एकदा चांगली दहा मिनिटं गेली. तेवढा वेळ गाडीतले बाकीचे प्रवासी उन्हात बसून तुमच्याकडे पाहत असतात.

*इशारा:* चौकी, सैनिक, विमानतळ, सरकारी इमारत यांचा फोटो काढू नका. खिडकीतून सहज म्हणूनही नाही.

७. अतारपर्यंतचा रस्ता

नुआकशॉट ते अतार सुमारे ४३० किलोमीटर, डांबरी रस्ता, वाटेत अकजूज्त. सहा-सात तास धरा. सामायिक गाड्या नुआकशॉटमधल्या अतारच्या ‘गराज’मधून, म्हणजे अतारकडे जाणाऱ्या गाड्यांच्या तळावरून सुटतात आणि भरल्या की सुटतात. सात वाजताची गाडी म्हणजे सातला जाऊन बसायची गाडी. जुन्या मर्सिडीजमध्ये पुढच्या सीटवर दोघं बसवतात, तेव्हा परवडत असेल तर दोन्ही जागांचे पैसे भरा. एवढ्या पैशात इतकं सुख या प्रवासात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

रात्रीचा प्रवास नको. कारण चोर नाहीत, उंट आहेत. रात्री रस्त्याच्या मधोमध उभे असतात आणि दिव्यात उशिरा दिसतात.

अतारला मुक्काम करा. त्याच दिवशी शिंगेत्ती गाठायचा हट्ट धरणारे संध्याकाळी गाडीतळावर बसून राहतात.

*तपासा:* पाणी (माणशी रोज किमान पाच लिटर), सुटे पैसे, उरलेल्या फिश. पाणी आणि फळं अतारलाच भरा. शिंगेत्तीत मिळतात, पण निवड कमी आणि भाव जास्त.

८. अतार ते शिंगेत्ती: गाडी ठरवताना

अंतर ८० किलोमीटरच्या आसपास. घाट चढून पठारावर जायचं, दोन तास लागतात. सामायिक गाडी सकाळी मिळते, पण पुढे वादानही करायचं असेल तर ड्रायव्हरसह फोर-बाय-फोर ठरवणं शहाणपणाचं. ठरवताना हे कागदावर लिहून घ्या: डिझेल कोणाचं, ड्रायव्हरचं जेवण-मुक्काम कोणाचा, सुटी चाकं किती (दोन हवीत), परतीचा दिवस भाड्यात धरला का, आणि अर्थात नवे की जुने उगिया. शेवटच्या दिवशी होणाऱ्या भांडणांपैकी बहुतेकांचं मूळ परतीच्या दिवसात असतं.

वादानला दोन वाटा आहेत, एक पठारावरची आणि एक वाळूतली. वाळूतली सुंदर आहे, पण तिथे टायरमधली हवा कमी करून चालवणारा सरावाचा माणूस हवा. स्वतः गाडी चालवायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. आणि नुसत्या ‘सहाराच्या डोळ्या’साठी वादान करू नका. गेल्ब अर् रिशात या वर्तुळाकार दगडी रचनेचं ते टोपणनाव. ती वर्तुळं अवकाशातून दिसतात. ४० किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात उभं राहिल्यावर दिसतात नुसत्या दगडी कडा.

९. गावात

शिंगेत्तीचे दोन भाग आहेत. मध्ये वाळूने भरलेलं कोरडं नदीपात्र, एका बाजूला नवी वस्ती, दुसऱ्या बाजूला जुनं गाव. जुन्या गावात सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. भिंती मातीशिवाय नुसते दगड रचून केलेल्या आहेत, त्यांवर चढू नका, हात टेकून फोटोही नको. मशिदीत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. चौकोनी मिनार बाहेरूनच पाहायचा. त्याच्या टोकांवर शहामृगाची अंडी बसवलेली आहेत, ती बघायला दुर्बीण असेल तर बरं.

ग्रंथालयं म्हणजे सरकारी इमारती नव्हेत, ती घराण्यांची खासगी आहेत. हाबोट हे त्यांतलं मोठं नाव. वेळापत्रकाचा बोर्ड शोधू नका, आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवा. दार उघडायला येणाऱ्याकडे लोखंडी किल्ली नसेल तर चकित होऊ नका. जुनी कुलपं लाकडी आहेत. टूथब्रशसारखे दाते असलेली लाकडी पट्टी आत सरकवून वर उचलली की अडसर मोकळा होतो. पाहुण्याला हे करून बघायला देतात. दाते जुळायला मला पाच-सहा प्रयत्न लागले.

आत गेल्यावर पानांना हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, आणि पाण्याची बाटली बाहेर ठेवायची. शुल्क आधी विचारून द्या. घाई असेल तर जाऊच नका. पंधरा मिनिटांत ‘झालं?’ असा चेहरा करणारे पाहुणे त्यांना ओळखू येतात.

चहाचंही तसंच. तीन पेले असतात, दर फेरीला चहा पुन्हा उकळतो आणि फेस यावा म्हणून उंचावरून या पेल्यातून त्या पेल्यात ओतत राहतात. तासभर धरा. पहिल्या पेल्यानंतर उठणं वाईट दिसतं. पेला उजव्या हातानेच घ्या.

बायका बाणाची दगडी टोकं आणि जुने मणी विकायला बसतात. मणी घ्या, टोकं घेऊ नका. वाळवंटातून उचललेली ती प्राचीन हत्यारं आहेत. माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत.

*इशारा:* ‘जरा टेकडीवरून सूर्यास्त बघून येतो’ ही शिंगेत्तीतली खरी धोक्याची गोष्ट आहे. दुसरी टेकडी ओलांडली की मिनार दिसेनासा होतो, वाऱ्याने पावलं पुसतात आणि अंधार झपाट्याने पडतो. मुक्कामाची जागा नकाशावर खूण करून ठेवा, टॉर्च आणि पाणी घ्या, कोणाला तरी सांगून जा. मोबाइलची बॅटरी थंडीत लवकर उतरते, तेव्हा साधं होकायंत्रही जवळ असू द्या.

उंटांबरोबर काही दिवस चालायचं असेल तर दिवसाला १५ ते २० किलोमीटर धरा आणि निघण्याआधी एक दिवस गावात नुसते हिंडा. आदल्या रात्री पोचून सकाळी चालायला लागलेल्यांच्या पायाला दुसऱ्याच दिवशी फोड येतात.

१०. परत येताना

शिंगेत्ती सोडल्यापासून विमानापर्यंत दोन मोकळे दिवस ठेवा. वाळूचं वादळ किंवा न भरलेली गाडी, दोन्हींना वेळापत्रक नसतं. उगिया देशाबाहेर कोणी बदलून देत नाही, त्यामुळे उरलेले नुआकशॉटमध्येच युरोत बदला किंवा खर्च करा. बॅगेतली वाळू तिथेच झटका, कॅमेऱ्याची लेन्स मात्र घरी येईपर्यंत उघडू नका.

पिवळं कार्ड चेक-इनच्या सामानात जाऊ देऊ नका. मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य खात्याचं टेबल असतं. तिथे ते पासपोर्टसोबत हातात हवं.